पहिला नंबर आपल्या खानावळीचा

विषय: मंडळाच्या खानावळीस सर्चमध्ये प्राप्त झालेला पहिला क्रमांक.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात किस्से फायलींसारखे साचतात. फरक एवढाच, की किस्से कुणीतरी उघडून बघतं!

मंडळाची खानावळ शिंदे वहिनी चालवतात. बाहेरचं गिऱ्हाईक आलं नाही तर दिवाळीनंतर ती बंद, असा ठराव झाला. त्याच आठवड्यात अध्यक्ष गोखले फोन नाचवत आले. "मराठी थाळी सर्च केलं. पूरी दिल्ली में आपण पहिले!"

पेढे वाटले. ते आम्हीच खाल्ले. बाहेरचं कुणी आलंच नाही.

*

खातरजमा म्हणून आम्ही सगळ्यांनी आपापल्या फोनवर शोधलं. सगळीकडे आपणच पहिले! रोज तिथे जेवणारे आम्ही, पाच-पाच स्टार देणारेही आम्हीच.

माझ्या फोनने तर खाली पुरावाही जोडला: 'तुमच्या परिचयाचे गोखले याची शिफारस करतात.' गोखल्यांच्या फोनवर माझी शिफारस होती.

"बघा," ते म्हणाले, "लोक बोलायला लागलेत!"

*

माझी भाची दिल्लीबाहेर, मानेसरला नोकरीला आहे. तिला शोधायला सांगितलं.

"मामा, पहिले मोमो आहेत. मग पराठे, मग परत मोमो. तुम्ही कुठेच नाही, यार."

गोखल्यांनी शांतपणे ऐकलं. "तिला म्हणावं, फोन बदल."

*

मग वहिनींनी स्वतःच्या फोनवर 'मराठी थाळी' टाकलं. थाळीच्याही वर गुडघ्याच्या तेलाची जाहिरात आली!

"भाऊजी, मी दिवसभर उभी असते हे याला कळतं. तुमच्या कमिटीला नाही कळत."

*

परवा मात्र एक अनोळखी गृहस्थ आत आले आणि दोन थाळ्या जेवले. गोखले धावले.

"सर्च में देखा ना? पहला नंबर?"

"कौन सा सर्च, जी? सड़क से जा रहा था, तड़के की खुशबू आई."

स्वयंपाकघरातला पंखा त्या दिवशी बिघडला होता, म्हणून रस्त्याकडची खिडकी उघडी होती. एरवी ती बंदच असते. धूळ येते म्हणून गोखल्यांनीच तसा नियम केलेला.

खिडकी रोज उघडी ठेवण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज वहिनींनी दुसऱ्याच दिवशी दिला. गोखल्यांनी त्यावर शेरा मारला: 'आपण प्रथम क्रमांकावर असल्याने तातडी दिसत नाही.'

अर्ज प्रलंबित आहे.