अक्कलदाढ काढून आलेली मावशी

सावंगीला दातांच्या दवाखान्यात मी नंबरची वाट पाहत बसलो होतो. माझी आडवी उगवलेली अक्कलदाढ काढायची होती, आणि पळून जावं असा विचार पक्का होत आला होता. तेवढ्यात एक मावशी दाढ काढून बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली.

"खूप दुखतं का हो?" मी विचारलं.

तोंडात कापसाचा बोळा असल्यामुळे तिला बोलायची मनाई होती. तिने हातांनीच सगळं सांगितलं. सुई कशी टोचते ते चिमटा काढून दाखवलं, बधिर ओठ बोटाने हलवला, थुंकायचं नाही म्हणून दटावलं. दोन-तीन दिवस सूज राहील हे सांगायला तिने हाताने गालावर मोठा लाडू काढला. पोरीसारखे डोळे चमकत होते तिचे.

बोळा काढल्यावर ती म्हणाली, "आवाज येते कडकड, दाबल्यावानी वाटते. पण दुखत नाई."

"आणि अक्कल गेली तर?"

"दाढेत अक्कल राह्यते काय, भाऊ? आमच्या मालकाच्या चारी शाबूत हायेत."

मी हसत असतानाच माझं नाव पुकारलं गेलं.

अर्ध्या-पाऊण तासाने बधिर तोंड घेऊन मी बाहेर आलो, तर ती तिथेच बसलेली.

"दुखलं काय?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मंग. जातो आता," पिशवी उचलत ती म्हणाली. "तुमच्यापायी आष्टीची एक गाडी सोडली मी."

माझ्या तोंडात बोळा होता. मी नुसते हात जोडले.