तो कन्नडमध्ये काय म्हणाला

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, देवापुढंही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखणाऱ्याला सांगायची हिंमत माझ्यात नाही.

मी मूळचा सास्तूरचा. उमरग्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सीमा जवळ, त्यामुळं आमच्या पोरांना कन्नड सिनेमाचं भारी वेड. मीही एका हिरोचा फॅन. नाव सांगत नाही, यात त्याचा काही दोष नाही. आम्ही फॅन क्लब काढला आणि मी अध्यक्ष झालो. कसा झालो? माझं आजोळ कर्नाटकात आहे, कन्नड मला लहानपणापासून येतं, असं मी ठोकून दिलं होतं. खरं आजोळ तुळजापूरकडं. कन्नडचा मला गंध नव्हता. हिरोचे डायलॉग मी नुसते घोकायचो आणि नवा सिनेमा लागला की टेम्पोवर चढून चौकात ओरडायचो. अर्थ त्यांनाही कळायचा नाही, पण पोरं नाचायची.

मग मला एक खोड लागली — खरा फॅन कोण, हे ठरवायची. हिंदीत डब केलेला सिनेमा बघणारा तो फॅनच नव्हे, असा माझा नियम. नव्या माणसाला सगळ्यांसमोर उभं करायचं, कन्नड डायलॉग म्हणायला लावायचं, अडखळला की हाकलायचं. "डुप्लिकेट हाय हा. चल, निघ." नळदुर्गहून एक जण मोटरसायकलवर आला होता. कटआउटसाठी स्वतः हार घेऊन. त्यालाही हारासकट परत पाठवला.

आणि मी? घरी दार लावून, कानात हेडफोन घालून डबच बघायचो. कुणी दार वाजवलं की दचकून मोबाइल उशीखाली सारायचो. तुम्हाला हसू येत असेल. मला तेव्हा खरोखर धडकी भरायची.

मग मल्लिनाथ आला. कापड दुकानदाराचा मुलगा, माझ्याच वयाचा, घरात कन्नड बोलणारा. त्याची परीक्षा मी कशी घेणार? घेतलीच नाही. एकदा आम्ही सगळे सीमेपलीकडं सिनेमाला गेलो. पडद्यावर हिरो बापाशी काहीतरी बोलत होता, पोरं शिट्ट्या मारत होती, आणि मल्लिनाथ रडत होता. बाहेर आल्यावर डोळे पुसत त्यानं मला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. मी हसून "हौदु, हौदु" म्हणालो — 'हो'ला कन्नडमध्ये काय म्हणतात, एवढंच ठाऊक. तो माझ्याकडं बघत राहिला. त्यानं काहीतरी वेगळंच विचारलं असणार. मग हळूच मराठीत म्हणाला, "चला अध्यक्ष, चहा घेऊ."

त्यानंतर तो माझ्याशी कधी कन्नड बोलला नाही. चारचौघांत तर नाहीच. त्याला कळलं होतं, आणि तो मला सांभाळून घेत होता. याचे उपकार वाटायला हवे होते ना? मला त्याची भीती वाटायला लागली. आज बोलेल, उद्या बोलेल. तो माझ्या दुकानाच्या पायरीवर दिसला तरी मी गिऱ्हाइकाचा मोबाइल उघडून त्यात डोकं घालायचो.

पुढच्या सिनेमाला आम्ही हायवेच्या कडेला मोठा बॅनर लावला. सकाळी मी तो बघायला गेलो, तर माझ्या डोळ्यांदेखत कडब्यानं भरलेला ट्रक वळताना त्याला घासून गेला. हिरोचा चेहरा मधोमध फाटला. ट्रक निघून गेला. थोड्या वेळानं पोरं आली आणि खवळली. "कुणी फाडलं?" मला ठाऊक होतं. सांगायला काय जात होतं? पण माझ्या तोंडून निघालं, "काल मल्लिनाथ इथं घुटमळत होता. तो आपला न्हायच. दुसऱ्या हिरोचा माणूस हाय."

मला वाटलं होतं, त्याला क्लबातून काढतील. निदान असं वाटलं होतं, हे मी स्वतःला सांगत आलोय.

पोरांनी त्याला बापाच्या दुकानातून ओढत बॅनरपाशी आणलं. तो मार खात म्हणत होता, "म्या न्हाय फाडलं, आईशप्पत न्हाय." मग गर्दीत मी त्याला दिसलो. माझ्याकडं बघून तो कन्नडमध्ये एक वाक्य बोलला. फक्त मला. मोठ्यानं, स्पष्ट. पोरांचे हात थांबले. सगळे माझ्याकडं वळले.

"काय म्हणला, अध्यक्ष?"

मला कन्नड येत नाही — एवढंच म्हणायचं होतं. एवढंच. फार तर पोरं हसली असती. सगळे वाट बघत होते.

मी म्हणालो, "आईवरून शिव्या घालतोय. आपल्या हिरोला."

बॅनरचा लोखंडी पाइप कुणीतरी उचलला. मल्लिनाथचा डावा डोळा गेला.

त्याचे वडील दवाखान्यातून थेट माझ्या दुकानात आले. उभ्यानंच म्हणाले, "तुम्हाला आमची भाषा येते म्हणून विचारतो. माझा पोरगा खरंच शिव्या दिला का हो?" मी त्यांच्याकडं बघितलं नाही. "व्हय," म्हणालो. ते म्हातारे मान हलवून निघून गेले. पोरांवर केस झाली. माझं नाव कुठंच आलं नाही. मी कुणाला हात लावला नव्हता. मल्लिनाथनंही माझं नाव घेतलं नाही. का नाही घेतलं? या विचारानं माझी अजून झोप उडते. वर्षभरात त्यांनी दुकान विकलं आणि ते कर्नाटकात गेले.

बाजारात मला अजून काही जण अध्यक्ष म्हणतात. मी ओ देतो.

त्याचं ते वाक्य माझ्या कानात शब्दन् शब्द आहे. दुकानात रोज कन्नड बोलणारी गिऱ्हाइकं येतात, कुणीही अर्थ सांगेल. मी कुणाला विचारलेलं नाही. खरंच शिवी असेल. 'तू तरी सांग यांना' असं असेल. किंवा असं काहीतरी, जे ऐकल्यावर मला उभं राहता येणार नाही. हे सगळं लिहिताना ते वाक्यही इथं लिहावं, असं मनात आलं होतं. पण तुमच्यात कुणाला कन्नड येत असेल.

म्हणून ते लिहिलेलं नाही.