तिच्या हातची भाकरी

मागच्या वर्षी टायफॉईडनं मला अंथरुणाला खिळवलं आणि अन्नावरची वासनाच उडाली. घोटभर पेजही पोटात ठरेना. सून रडकुंडीला आलेली. मी शाळेतून निवृत्त झालेली बाई. जन्मभर सोमवार धरले, गल्लीतल्या महादेवाच्या देवळात श्रावणातल्या महाप्रसादाची व्यवस्था पाहिली. त्या सकाळी देवाला मी रागानंच म्हणाले, एवढं केलं तुझं, आता तूच भरव घास.

दुपारी शेजारच्या इरम्माकाकू ज्वारीची कडक भाकरी घेऊन आल्या. ताकात कुस्करून दिली, आणि ती पोटात राहिली. मग रोज तीच. त्यांची भाकरी माझ्या चांगली ओळखीची. श्रावणात आमच्या देवळात घरोघरच्या भाकऱ्या येतात, त्यात काकूंची पापडासारखी पातळ. नैवेद्याला मी नेहमी त्यांच्याच गाठोड्यातली काढायची.

बरी झाल्यावर एकदा त्यांचे हात हातात घेतले. बोटं संधिवातानं पार वाकडी झालेली. विचारलं, ‘‘काकू, या हातांनी थापता तरी कशा हो?’’

त्यांनी मान खाली घातली. ‘‘मी कुटं थापते बाई. महानंदाच्या हायती. आठ वर्सं झाली की. तुमी तिला नगं म्हनलासा, तवापास्नं ती माज्या फडक्यात बांदून देती.’’

महानंदा आमच्याच गल्लीतली. लग्न न होता तिला मुलगी झाली, बापाचं नाव तिनं सांगितलं नाही. त्या श्रावणात ती भाकऱ्या घेऊन देवळात आली, तेव्हा उंबऱ्यावर हात आडवा धरून मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, तुझ्या घरचं देवाला चालायचं नाही. देवाला विचारलं होतं का मी? सगळ्यांच्यात देव असतो असं फळ्यावर लिहून देणारी बाई मी. चार बायकांनी माना डोलावल्या, त्याचं मला बरंच वाटलं होतं. आज लिहिताना लाज वाटते.

मी तिच्या घरी गेले. माफीचे शब्द वाटेत जुळवले होते, पण तिच्या दारात नुसते हात जोडले. तीच म्हणाली, ‘‘बसा बाई. देवाम्होरं ठेवली न्हवं? मग झालं की.’’ मी तिला सोमवारी देवळात बोलावलं.

ती आली, पण उंबऱ्याशी थबकली. ‘‘भाकरी कुटं ठेवत व्हता, तेवडं दावा.’’ मी पिंडीसमोरची जागा दाखवली. बराच वेळ ती तिकडे बघत राहिली, मग गाठोडं माझ्या हातात दिलं. ‘‘हितनंच बरं हाय बाई. सवय झाली.’’

मी मागितला तसा घास देवानं भरवला, त्याचे उपकार फिटायचे नाहीत. कुणाच्या हातानं भरवायचा हे त्याचं तो ठरवतो, एवढं कळायला मला म्हातारपण यावं लागलं. आता दर सोमवारी नैवेद्य ठेवून मी बाहेर येते आणि उंबऱ्याअलीकडे तिच्याशेजारी उभी राहते. तिला आत ये म्हणायचं तोंड मला उरलेलं नाही.