मी केलेला भूकंप

त्या वर्षी आमच्या यंत्रावर उमटलेला सगळ्यात ठळक भूकंप मी घडवून आणला होता. ही चूक मी आजवर एकाच माणसापुढे कबूल केली आहे, आणि तीही फार उशिरा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीचा, नुकताच बी.एस्सी. झालेला. केंद्र सरकारच्या भूविज्ञान खात्यात नोकरी लागली आणि मला कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावी, भूकंपमापन केंद्रावर पाठवलं. केंद्र म्हणजे एक दगडी खोली. आत सावकाश फिरणारा रूळ, त्यावर रॉकेलच्या धुरात काळा केलेला कागद, आणि त्या काजळीवर दिवसभर पांढरी रेघ ओढणारी सुई. कागद उतरवला की आधी लाखेच्या पाण्यातून काढायचा, नाहीतर नुसतं बोट लागलं तरी भूकंप पुसला जाई. जमीन पोटातून काय बोलते ते मला आधी कळतं, या विचारानंच अंगावर शहारा यायचा.

पण केंद्र तात्पुरतं होतं. दिल्लीहून अनुदान आलं तर पुढचं वर्ष, नाहीतर कुलूप. त्या वर्षी विचारणा झाली की यंत्र काही टिपत नसेल तर त्यावर खर्च कशाला? आणि खरोखरच सुई कित्येक आठवडे नाकासमोर चालली होती.

माझं जेवण शेजारच्या मावशींकडे असे. सदुसष्टच्या मोठ्या भूकंपात त्यांचं घर पडलं होतं. ते पुन्हा बांधून झालं, तरी मावशी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्येच राहत. रोज सकाळी विचारायच्या, "काय म्हणतंय रं तुजं यंत्र?" मी कागद उजेडात धरून सरळ रेघ दाखवायचो. असं दाखवत दाखवत मी त्यांचं मन वळवलं. एका सकाळी त्यांनी देव घरात नेले, पाठोपाठ चूल नेली. आणि दोनच दिवसांत निरोप आला, अनुदानाचं ठरवायला दिल्लीचे अधिकारी येणार!

मावशींना निजलेली जमीन हवी होती. मला जागी.

त्यांचा मुलगा फौजेतून सुट्टीवर आला होता. माझं रडगाणं ऐकून तो हसत सुटला. "एवढंच व्हय? गोठ्यात धुमस हाय की आमची!" धुमस म्हणजे जमीन चोपून बसवायचं जड लाकडी ठोकणं, आणि गोठा आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागूनच होता. "तू खोकलास की हाणतो. दिल्लीवाल्यास्नी बी कळू दे गड्या, साताऱ्याचं पाणी!"

मी नको म्हणालो नाही. उलट, त्या दिवशी दाढी करताना शीळ घालत होतो.

जीप आली तसा दारापुढे गाव लोटला. दोघेही अधिकारी खर्चाच्या खात्यातले, खडकाशी त्यांचा संबंध नव्हता. थोरल्यांनी सुईकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मी खोकलो. काही नाही. पुन्हा खोकलो. "पानी पीजिए," ते म्हणाले. तिसऱ्यांदा मी असा खोकलो की डोळ्यांत पाणी आलं, आणि सुई उसळली! काजळीवर पांढरं रान माजलं. बाहेरच्या गलक्यात ठोके बुडून गेले. "भूकंप! बाहर निकलो!" ओरडत थोरले साहेब दारातून सुटले, त्यांचा एक बूट उंबऱ्यातच राहिला. मला नाचावंसं वाटत होतं. झालं, केंद्र वाचलं!

बाहेर आलो तर माणसं म्हाताऱ्यांना हाताला धरून उघड्यावर आणत होती. मावशी घराच्या दारात पांढऱ्याफटक उभ्या. "आवं, मी चुलीफुडंच बसल्याली. बारीक हादराबी माज्या पायास्नी कळतो, ह्यो कसा कळला न्हाई?"

दिवस मावळायच्या आत त्यांनी देव परत शेडमध्ये नेले. मुलगा हसायचा थांबला. "तू सांग आयेला. मी सांगितलं तर धुमस माज्या टाळक्यात घालंल." त्याची सुट्टी संपली, तो गेला. मी सांगितलं नाही.

अनुदान मंजूर झालं. नवं यंत्र येणार, आणखी केंद्रं निघणार! आमच्या कार्यालयातल्या भूवैज्ञानिक साहेबांनी तो कागद पाहून विचारलं, "हे काय, गाडीबिडी गेली का?" मी 'बैलगाडी' म्हणालो. सरकारी नोंदीतून तो भूकंप तिथल्या तिथे निघाला. गावातून निघाला नाही. मी पेढे घेऊन गेलो तेव्हा मावशी पत्र्याखाली घामानं निथळत भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "तुज्या यंत्रानं वाचिवलं बाबा. माजं पाय आता मेलं, त्यास्नी काय कळंना." मी पेढ्यांचा पुडा चुलीजवळ ठेवला आणि निघालो.

मग पुढच्या वर्षी एका दुपारी मी नव्या यंत्राची पेटी उघडत होतो. मावशी पिठाच्या हातांनी धावत आल्या. "आला! आला रं!" मला काहीच जाणवलं नव्हतं. मी वळलो. सुई आधी बारीक थरथरली, आणि मग मोठा हेलकावा घेत सुटली. खराखुरा! कौलं वाजली, कुत्री भुंकली. आम्ही दोघं उघड्यावर उभे, आणि मी वेड्यासारखा ओरडत होतो, "मावशी, यंत्राच्या आधी तुम्हाला कळलं!"

जमीन थांबली. घर जसंच्या तसं उभं होतं. मावशी आधी स्वतःच्या पायांकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे.

"मग त्या दिशी कसं कळलं न्हाई?"

आता पळायला जागा नव्हती. "त्या दिवशी जमीन हललीच नव्हती, मावशी. अनुदानासाठी मी हलवली. गोठ्यात धुमस हाणायला लावली."

"कुणाला?" त्यांनी विचारलं, आणि लगेच ओळखलं. "त्यो बी व्हय त्यात! येऊ दे सुट्टीवर." मग आवाज खाली आला. "आन मी पायास्नी बोल लावत बसले."

"तुमचे पाय खरे होते. खोटा मी. तुम्हाला घरात मीच नेलं आणि मीच बाहेर काढलं. चुकलो मावशी, मला माफ करा," म्हणत मी वाकलो आणि त्याच पायांवर डोकं ठेवलं.