पुस्तक मिटलं की वाजंत्री बंद

माझ्या तीन वर्षांच्या नातीला ढोलाची भलती धास्ती. मोताळ्याच्या एका लग्नात ती इतकी रडली, की सून तिला घेऊन जेवणाआधीच परतली. आता तर घरचंच लग्न होतं, माझ्या धाकट्याचं, अमडापूरला. पोरगी काकाच्याच वरातीला मुकते की काय, ही काळजी.

भीती घालवण्यात मी जुनी तज्ज्ञ! हिचा बाप, माझा थोरला, असाच भ्यायचा. तेव्हाची मी विशीतली, गावभर शहाणी. पोराला कडेवर घट्ट धरून थेट ढोलापुढे उभी राहिले. सवय होते म्हणे! त्यानं माझी नवी साडी ओली केली आणि आज पस्तिशीतही तो वरातीत विजेचे दोन खांब मागे चालतो.

सुनेनं मात्र चिखलीहून वाद्यांच्या चित्रांचं पुस्तक आणलं, जाड पुठ्ठ्याचं. सनईवाल्याचे फुगलेले गाल, ढोलाचा पट्टा, झांजा. नातीनं चित्रावर बोट ठेवलं की सून तोंडानं तो आवाज काढायची. तिनं पुस्तक मिटलं की सून अर्ध्या 'ढम'वर गप्प. पोरगी खदखदून हसायची. सुनेचा 'ढम' रोज थोडा मोठा होत गेला, तरी नात पुस्तक मिटेना. मी दारातून बघत राहायचे. मला आपलं पोर धरून ठेवायचंच सुचलं होतं.

वरातीच्या दिवशी मी आधीच ढोलवाल्याला गाठलं.

"भाऊ, त्या पोरीनं पुस्तक मिटलं का थांबजा."

"आजी, वरात हाय का शाळा?"

"नवरदेवाची माय सांगून राह्यली. थांबजा."

पहिला ठोका पडला आणि नातीनं फटकन पुस्तक मिटलं. वाजंत्री बंद. नाचणाऱ्यांचे हात वरच राहिले.

"काऊन बे थांबले?" मागून कोणीतरी ओरडलं.

उघडलं, ढम. मिटलं, गप्प. असं तीनदा. घोड्यावरून धाकटा कळवळला, "आई, मुहूर्त टळून राह्यला ना!"

ढोलवाल्याची नजर पुस्तकावरून हलेना. चौथ्यांदा उघडलेलं पुस्तक मिटलंच नाही. नात चित्राकडे बघे, ढोलाकडे बघे. "आजी, पट्टा!" मग तिनं मागे वळून पाहिलं. बाप खांबाशी उभा.

"हे बाबाले दे," पुस्तक माझ्या हातात कोंबत ती म्हणाली. "त्याले भेव वाटते."

मी नेऊन दिलं. त्यानं माझ्याकडे न बघता पुस्तक उंच धरलं आणि मिटलं.

पुढे ढोल थांबला.