राखेच्या रंगाचं जेल

दोन हजार सातच्या सुमारास मी मुळशीतल्या एका छोट्या औषध कारखान्यात तपासणीचं काम करायचे. तिथं जखमेवर लावायचं जेल बनायचं. त्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण असायचे. जंतू मरायचे ते त्यांच्यामुळेच. कण नीट विखुरलेले असले की जेल पिवळसर दिसायचं. एकमेकांना चिकटून गुठळ्या झाल्या की रंग जायचा आणि औषधाचा जोरही.

जुलैत पॅकिंगच्या मावशी एक ट्यूब घेऊन माझ्याकडे आल्या. शेजारच्याच गावच्या त्या. "मॅडम, हे मधावानी असतंय. आज राखेवानी हाय," म्हणाल्या.

मी लगेच तपासणी लावली. जंतू पसरलेल्या काचेच्या प्लेटमध्ये जेलचा थेंब ठेवायचा. जेल चांगलं असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती स्वच्छ कडं दिसतं. कडं नव्हतं. जंतू थेंबाला खेटून वाढले होते.

प्लेट मालकांना दाखवली, हा लॉट थांबवा म्हटलं. बघतो म्हणाले. चार दिवसांनी कळलं, सगळ्या ट्यूबा ताम्हिणीकडच्या मोफत शिबिरात वाटूनही झाल्या. मी केबिनमध्ये जाऊन जाब विचारला. मालकांचा आवाज अगदी शांत होता.

"फुकट दिलंय. अपाय तर नाही ना त्यात? तक्रार कोण करणार आहे?"

आजही हे आठवलं की माझी कानशिलं तापतात.

रविवारी मावशींना घेऊन मी एसटीनं ताम्हिणीला गेले. भाताची लावणी चालू होती. दिवसभर चिखलात उभं राहून बायांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, त्यावर आमचं जेल. घरोघर जाऊन आम्ही ट्यूबा परत मागितल्या. एका बाईचा पाय घोट्यापर्यंत सुजला होता. ती ट्यूब सोडेना. लावलं की थंड वाटतं, म्हणत होती. मी कण, गुठळ्या असं काहीबाही सांगत बसले. शेवटी मावशीच म्हणाल्या, "बाई, त्यात औषधच न्हाई."

बाईनं माझ्याकडे बघितलं. "मग दिलं कशाला?"

 तिला गावातल्या एका जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. पाय बरा झाला, पण तिची लावणी बुडाली.

सोमवारी ट्यूबांची पिशवी मी मालकांच्या टेबलावर, सगळ्यांसमोर रिकामी केली. त्यांनी त्याच दिवशी मला काढलं. मावशींनाही काढलं, हे मला जास्त लागलं. मी मावशींच्या घरी माफी मागायला गेले, तर त्यांनी चहा पुढे केला आणि तो विषय काढूच दिला नाही.

कण चिकटले याचा मला राग नाही. ते कधी कधी होतं. माणसानं ते ठाऊक असून गरिबाच्या हातात ठेवलं, याचा आहे. आणि माझा स्वतःचाही आहे. 'बघतो' एवढं ऐकून मी चार दिवस खाली मान घालून काम करत राहिले. त्या ट्यूबा ठेवलेलं गोदाम माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होतं.