आईंचा पाचवा व्यायाम

आमच्या बारकीला चिकाटी आहे असं मी म्हटलं की घरातले हसतात. त्यांच्या मते तो हट्ट आहे. बारकी म्हणजे माझी धाकटी जाऊ. मुलीसाठी सहा वर्षं घरी राहिली आणि मुलगी शाळेत रुळल्यावर परत प्रोग्रॅमिंगच्या नोकरीला लागली. तीन महिने काम बघतो, मग कायम करतो, असं तिथल्या साहेबांनी सांगितलेलं.

त्या ऑफिसात एका हॉस्पिटलसाठी ॲप बनत होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी घरी करायचे बारा व्यायाम. आधी नुसती चित्रं होती, ती बघून लोक पाय भलतीकडेच वळवायचे, म्हणून हॉस्पिटलने व्हिडिओ मागितले. ते काम बारकीकडे आलं. ॲप एकदाच लिहायचं आणि ते दोन्ही प्रकारच्या फोनवर चालायला हवं, हे तिने मला भाजी निवडताना समजावलं.

"म्हणजे एकाच मापाची चप्पल दोघींच्या पायात," मी म्हटलं.

"हो ना ताई. आणि चावायलाही नको."

शनिवारी दुपारी हॉस्पिटलला ॲप दाखवायचं होतं. तिचं कायम होणं त्यावरच अडलं होतं.

आमच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. म्हणून सोमवारी बारकीने ॲप त्यांच्या फोनवर घालून दिलं. तो फोन माझ्या मिस्टरांनी वापरून टाकलेला, कोपऱ्यात तडकलेला. आई रोज सकाळी खुर्चीत बसून बाराच्या बारा व्यायाम करायच्या. बारकी विचारायची, "चालतंय ना आई?" आणि आई म्हणायच्या, "छान चालतंय गं."

गुरुवारी बारकी चप्पल घालून दारात उभी होती. आई खुर्चीत डोळे मिटून पाय उचलत होत्या.

"आई, झोप लागली का?"

"झोपेन कशाला? पाचवा चाललाय. पाचव्यापासून डोळे मिटायचे असतात."

"कोणी सांगितलं?"

"तुझ्याच फोनने. अंधार करतो ना तो. त्या व्यायामवाल्या बाईचा आवाज तेवढा येतो. बरं आहे, तेवढ्यात देवाचं नावही घेऊन होतं."

मला हसू आवरेना. बारकीने मात्र चप्पल काढली आणि फोन घेऊन जमिनीवरच बसली. एक ते चार व्यवस्थित दिसले. पाचव्याला काळंकुट्ट.

झालं होतं ते असं. प्रत्येक व्हिडिओ चालवायला ॲप फोनकडून थोडी ताकद मागून घेतं. तो संपला की ती परत करायची असते. बारकी नवी मागत होती, जुनी सोडत नव्हती. ऑफिसातल्या नव्या फोनांनी ते निमूट पेललं, या म्हाताऱ्याचा चौथ्यालाच दम संपला. आणि बारकीने शंभर वेळा तपासला तो पहिलाच व्हिडिओ. उघडला, चालला, बंद केला.

साहेबांशी काय बोलणं झालं ते तिने संध्याकाळी त्यांचा आवाज काढून सांगितलं.

"असले जुने फोन आहेत किती जणांकडे? शनिवारी देऊन टाकू, मागाहून बघू."

"साहेब, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्याकडेच आहेत. मुलांनी टाकलेले."

"शनिवार हुकला तर तुमच्या नोकरीचंही मला बघावं लागेल."

"बघा. पण हे असं मी माझ्या हाताने देणार नाही."

मी देवापुढे रोज हात जोडते, स्वतःसाठी काही मागायची सवय नाही. त्या दिवशी जावेसाठी मागितलं.

शुक्रवारी ती आईंचा फोन घेऊनच ऑफिसला गेली. इकडे सुटलं की तिकडे अडायचं. जुन्या फोनवर पाचवा दिसायला लागला, तर दुसऱ्या प्रकारच्या फोनवर ॲप मधेच बंद पडायला लागलं. संध्याकाळी आली ती फोन ताटाशेजारी ठेवूनच जेवली. शनिवारी उजाडताच परत बसली, तो दुसरा फोन सुरळीत झाला, आणि नऊ वाजता तिने आईंचा फोन त्यांच्या हातात दिला.

"सगळे बारा, ओळीने. मधे थांबायचं नाही."

चार झाले. पाचव्याला पडदा क्षणभर काळा झाला. मी बारकीचा हात धरला. मग निळ्या कपड्यातली बाई दिसली, खुर्चीवर बसलेली. आणि आईंनी सवयीने डोळे मिटले.

"आई, डोळे उघडा!"

"थांब गं, नाव घेतेय."

"नंतर घ्या हो! उघडा!"

आईंनी एक डोळा उघडला. "अगंबाई, हिचा पाय तर सरळ आहे! मी चार दिवस वाकवूनच उचलतेय."

 बारकी बारावा होईपर्यंत तिथेच उभी राहिली, मग चप्पल घालून निघाली.

हॉस्पिटलने ॲप घेतलं. सोमवारी कायम झाल्याचं पत्र आलं, आणि सोबत साहेबांचा निरोप. तपासायला तो जुना फोन ऑफिसात ठेवायला द्याल का, बदल्यात नवा देऊ.

"मुळीच नाही," आई म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, तुमच्या आईचा घ्या."